जिप्सी ९७० सीसी: दीड वर्ष वापरल्यावर, आणि मुख्यतः पुढच्या डाव्या चाकाच्या ऑइलबद्दल

पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला काळं ऑइल दिसलं की माझं डोकं फिरतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ते पहिल्यांदा दिसलं. बेळगावातल्या एका चकचकीत वर्कशॉपने (नाव लिहीत नाही, उगाच कशाला) सील बदलून बिल हातात दिलं. गणपतीच्या सुमारास पुन्हा दिसलं, पुन्हा सील, पुन्हा बिल. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या पोराने मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "सर, तीस वर्षांची गाडी आहे, गळणारच." मी म्हटलं, गळणारच होती तर दोनदा पैसे कसले घेतलेत? यावर त्याने मॅनेजरला बोलावलं, आणि मॅनेजरने मला चहा पाजला. पैसे काही परत मिळाले नाहीत.

आता गाडीबद्दल. मारुती जिप्सी, कापडी हूडची, चार गिअरवाली, कार्बोरेटर. किंग नव्हे, हे आधीच सांगतो, कारण बेळगावात जिप्सी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर १३०० सीसीची किंग येते. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या आवारातून लष्करी जिप्स्या ये-जा करताना बघत आमच्या दोन पिढ्या वाढल्या, त्यामुळे इथे प्रत्येक जण जिप्सीचा जाणकार असतो. माझी त्याआधीची. १९९३ मध्ये मारुतीने दोन चाकांमधलं अंतर ९० मिमीने वाढवलं, त्याच्याही आधीची, म्हणजे अरुंद. एफ१०ए इंजिन, ६५.५ बाय ७२ चा बोअर-स्ट्रोक, ४५ बीएचपी. हे आकडे तुम्हाला पाठ असतील. नसतील तरी चालेल, कारण दीड वर्षात या आकड्यांनी माझं काही अडवलं नाही की वाढवलं नाही.

घेतली कशाला? जांबोटीच्या पुढे आमची काजूची थोडी बाग आहे. डांबरी सोडल्यावर शेवटचा टप्पा लाल मातीचा, मध्ये एक ओहोळ, आणि जून ते सप्टेंबर तिकडे दुचाकी न्यायची म्हणजे ती ढकलतच न्यायची. आधी भाड्याने ट्रॅक्टर सांगायचो. ट्रॅक्टरवाल्याचे दर दरवर्षी वाढतात आणि तो येतो त्याच्या सवडीने. हिशेब केला, टिळकवाडीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे ही जिप्सी पोर्चमध्ये झाकून उभी होती ती बघितली, घासाघीस केली आणि आणली. त्यांनी ती गावातल्या गावातच फिरवलेली, मंडईला आणि क्लबला. फोर बाय फोरचा दांडा त्यांनी कधी ओढला असेल असं वाटत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिले काही महिने माझं मत असं होतं: गाडी झकास, पण हे हाताने फिरवायचे हब म्हणजे छळ आहे. ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी: पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एक गोल खुंटी असते, तिच्यावर फ्री आणि लॉक लिहिलेलं. फ्रीवर असताना चाक मोकळं फिरतं, आतला शाफ्ट, क्राऊन-पिनियन सगळं निवांत. लॉकवर केलं की चाक शाफ्टला जोडलं जातं आणि मगच आतला दांडा ओढून काही उपयोग. म्हणजे चिखलात गाडी रुतली, मग तुम्ही पावसात उतरणार, घोटाभर लाल रबडीत उभे राहणार, वाकून डावा हब फिरवणार, वळसा घालून उजवा फिरवणार, आणि त्याच पायांनी परत आत येऊन क्लच दाबणार. एकदा तर उजवा हब चिखलात इतका बुडालेला की खुंटी हाताने चाचपून शोधावी लागली. नंतरच्या काही किंगना डॅशवरचं बटण दाबलं की हवेने लागणारे हब आले, त्या मालकांचा मला तेव्हा भयंकर हेवा वाटायचा. आता वाटत नाही, ते का ते सांगतो.

त्याआधी वर्कशॉपचा दुसरा प्रताप. तिसऱ्या खेपेला त्यांनी ऑइलबरोबर एक मोठं एस्टिमेट माझ्यापुढे सरकवलं: ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) ओव्हरहॉल. कारण काय, तर आवाज. आवाज येतो हे खरंच आहे. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा एक सूर सतत लागलेला असतो, ॲक्सिलरेटर सोडला की जरा बदलतो. पण हा सूर या गाडीच्या बांधणीतच आहे. बहुतेक फोर बाय फोरमध्ये हाय रेंजला (नेहमीच्या चालीची जोडणी, लो म्हणजे संथ पण ताकदीची) ट्रान्सफर केस सरळ जोडलेला असतो, एकास एक. या सुझुकीत तसं नाही. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसून वेगळा टांगलेला आहे, मध्ये छोटा शाफ्ट आहे, आणि हाय रेंजलासुद्धा जोर गिअरच्या जोड्यांमधूनच खाली उतरतो. ९७० सीसीच्या गाडीला हायला १.५८० आणि लोला २.५११ असं प्रमाण. म्हणजे साध्या डांबरी रस्त्यावर, मागच्या दोनच चाकांवर चालतानासुद्धा ते दात एकमेकांवर घासत असतात. नवी असतानाही गाणारच. केसातलं ऑइल बघितलं, पातळी बरोबर, ड्रेन प्लगला चिमूटभर बारीक चुरा, तुकडा एकही नाही. एस्टिमेटचा कागद मी घडी घालून डॅशच्या खणात ठेवला आहे. ट्रिप मारताना पेट्रोलचा हिशेब लिहायला मागची बाजू कोरी आहे.

आता मूळ दुखणं. चाकातून ऑइल गळतं म्हणजे काय गळतं हे कुणी विचारलंच नव्हतं. जिप्सीचा पुढचा ॲक्सल आख्खा एकसंध नळीचा. दोन्ही टोकांना एक पोकळ गोळा, त्यावर नकल (चाक धरून वळवणारा सांधा) फिरतं, गोळ्याच्या आत शाफ्टचा जॉइंट, आणि त्या पोकळीत भरपूर ग्रीस. नकलच्या मागच्या बाजूला गोल पट्टी, बारीक बोल्ट, खाली रबर आणि फेल्टचं बाहेरचं सील. ते काढायला सोपं, दिसायला समोर, म्हणून दोन्ही वेळा वर्कशॉपने तेवढंच बदललं होतं. पण त्या सीलचं काम बाहेरची धूळमाती आत न जाऊ देणं आणि आतलं ग्रीस धरून ठेवणं. ग्रीस काही पाण्यासारखं रिमवर ओघळत नाही. मी रिमवरचं ऑइल बोटावर घेतलं, वास घेतला. गंधकाचा तो उग्र कुजका वास ज्याने एकदा घेतला आहे तो विसरत नाही. ते डिफरन्शियलचं गिअर ऑइल होतं, नव्वद नंबरचं. डिफरन्शियल म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणारा ॲक्सलवरचा गोळा, चाकापासून लांब. तिथलं ऑइल नळीतून चाकापर्यंत आलं, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेलं आतलं सील गेलेलं. ते सील बदलायचं तर चाक, कॅलिपर, हब, स्पिंडल, शाफ्ट, सगळं बाहेर काढावं लागतं. अर्धा दिवस मोडतो. बाहेरचं सील पाऊण तासात होतं आणि बिलावर दोन्ही ‘सील’च लिहितात.

खानापुरात एक जुने मिस्त्री आहेत, आयुष्यभर महिंद्राच्या जीपा उघडण्यात गेलेले. त्यांच्याकडे नेली. त्यांनी जॅक लावायच्या आधी बोनेट उघडलं. मला वाटलं चाक सोडून हे इंजिनात काय बघतायत. ॲक्सलवरून वर आलेली बारीक रबरी नळी त्यांनी बोटांनी चाचपत शोधली, तिचं टोक तोंडात धरलं आणि फुंकर मारली. गाल फुगले, हवा जाईना. "बगा की," म्हणाले, "हितं बुच बसलंय. ऑइल काय आपखुशीनं येतंय व्हय भाईर? आतनं ढकलतंय कुनीतरी." मग त्यांनी क्लचची जुनी वायर नळीत घातली आणि फिरवली. आधी लाल मातीचा भुगा पडला. मग एक अख्खं ढेकूळ, आतून पोकळ, त्यात वाळून कडक झालेल्या दोन अळ्या. ही नळी म्हणजे ब्रीदर, ॲक्सलचं नाक. कुंभारीण माशीने त्याच्या तोंडात घर केलं होतं. पोर्चमध्ये वर्षानुवर्षं झाकून उभ्या असलेल्या गाडीत तिला याहून निवांत जागा कुठली मिळणार.

हे ब्रीदर प्रकरण एवढं मोठं आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता, पण विचार केला तर सरळ आहे. ॲक्सल चालून तापतो, आतली हवा फुगते. ब्रीदर मोकळा असेल तर ती फुस्सकन निघून जाते. बुजलेला असेल तर ती सीलच्या ओठावर जोर देते आणि ऑइलला बाहेर काढते. आणि उलटही होतं. तापलेला ॲक्सल तुम्ही ओहोळात घातला की तो झटकन निवतो, आतली हवा आकसते, आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मिस्त्रींनी डिफरन्शियलचा प्लग खोलला तर ऑइल दुधाळ. चहात टाकायला हरकत नाही इतकं. नवी सीलं घाला, महागडी घाला, ब्रीदर बुजलेला असेपर्यंत ती तग धरणार नाहीत. मला त्या वर्कशॉपचा राग आहे तो चुकीचं सील बदलल्याचा कमी, आणि एक फुंकर मारायचे कष्ट न घेतल्याचा जास्त.

काम अर्थात पूर्ण करून घेतलं. दोन्ही बाजूंची आतली सीलं, बाहेरची सीलं (जी नवीनच होती, पण उघडल्यावर परत घालू नयेत म्हणे), जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन नवं. ते जुनं ग्रीस गिअर ऑइलमध्ये भिजून पातळ आमटी झालेलं, पत्र्याच्या डब्यात ओतूनच काढलं. मग मला दीड वर्षात सगळ्यात आवडलेला अर्धा तास आला. नकल वरखाली दोन किंगपिनवर फिरतं, आणि त्यांचा आवळ पातळ पत्र्याच्या शिम घालून-काढून जमवायचा असतो. सैल राहिला की पंचावन्न-साठला स्टिअरिंग थडथड उडायला लागतं. माझं उडायचंच, आणि मी ते टायर बॅलन्सिंगवर ढकललं होतं. मिस्त्रींनी शेजारच्या सुक्या मासळीवालीकडून हुकाचा स्प्रिंग काटा मागून आणला. सील न घालता नुसतं नकल बसवलं, टायरॉडच्या भोकात हुक अडकवला आणि हळू ओढला. सुझुकीचा आकडा एक ते १.८ किलोचा. काटा पाऊण किलोवरच हलला. एक शिम काढली, परत आवळलं, परत ओढलं, आता दोनच्या पुढे. मग काढलेल्या जाड शिमेच्या जागी एक पातळ घातली. दीड किलोला नकल सुटलं तेव्हा ते काट्याकडे बघत म्हणाले, "आता सोडा." काट्याला बोंबलाचा वास होता. स्टिअरिंगची थडथड त्या दिवसापासून गेली ती गेलीच.

मजुरी आणि सामान मिळून जे झालं ते वर्कशॉपच्या पहिल्या एका बिलापेक्षा कमी होतं.

आणि इथेच हबबद्दलचं माझं मत फिरलं. शाफ्ट धुताना मिस्त्रींनी सीलच्या जागेवरचा गंजाचा बारीक कडा नखाने दाखवला. हब वर्षानुवर्षं फ्रीवर राहिले, शाफ्ट फिरलाच नाही, जॉइंटला ग्रीस पोचलं नाही, सीलचा ओठ एकाच जागी वाळून कडक झाला. मग मी गाडी घेतली, एकदम चिखलात घातली, हब लॉक केले, आणि त्या वाळक्या ओठावर गंजलेला शाफ्ट फिरायला लागला. म्हणजे गळती ब्रीदरने सुरू केली आणि वाट मंडई-क्लबच्या फेऱ्यांनी करून ठेवलेली. तेव्हापासून माझा नेम असा: पावसाळ्यात बागेकडे निघताना घरूनच हब लॉक. डांबरी रस्त्यावर टू व्हील हायलाच चालवायची, हब लॉक असले म्हणून काही बिघडत नाही, फक्त पुढचा ॲक्सल फुकट फिरतो आणि पेट्रोल किंचित जास्त जातं. लाल माती आली की चालत्या गाडीत फोर हाय ओढायचा. उतरायचं कामच नाही. उन्हाळ्यात फ्री, पण महिन्यातून एकदा लॉक करून थोडं फिरवून आणायचं, आतलं सगळं ओलं राहावं म्हणून. हवेने लागणाऱ्या हबना नळ्या, सीलं, पंप, म्हणजे कुंभारिणीला आणखी चार घरं. माझी खुंटी बरी.

आता गाडी खरंच जाते का, हा प्रश्न उरतो. जाते. तिथे मी कौतुकात हात आखडता घेणार नाही. खानापूरकडची जांभ्याची लाल माती वरून निसरडी असते पण खाली कठीण, त्यामुळे हलकी गाडी तिच्यावर तरंगत जाते. ही रिकामी हजार किलोच्याही आत, त्यामुळे मागून डिझेल जीप जिथे खोल चाकोऱ्या पाडत बसते तिथून ही सेकंड लोमध्ये टुकुटुकु वर येते. चिकोडी-निपाणीकडची काळी माती वेगळी. मेव्हण्याच्या उसात एकदा नेली तर एफ७८-१५ च्या जुन्या पॅटर्नच्या टायरांवर माती थापत थापत चारही चाकं गुळगुळीत झाली, आणि फोर लो असूनही गाडी जागच्या जागी. चौघांनी ढकलली तेव्हा निघाली. हलकी असण्याचा तोही एक फायदा.

या हलकेपणाला इतिहास आहे. जिप्सीची आजी, म्हणजे सुझुकीची १९७० ची पहिली एलजे१०, ही ३५९ सीसीची, हवेने थंड होणाऱ्या दोन सिलिंडर टू-स्ट्रोकची, २५ अश्वशक्तीची गाडी. जपानमधल्या छोट्या गाड्यांच्या सवलतीत बसावी म्हणून लांबी तीन मीटरच्या आत ठेवायची होती, तर त्यांनी स्टेपनी मागे न टांगता आत ठेवली आणि चौथ्या माणसाची जागा घालवली. तीन माणसं आणि एक स्टेपनी! पुढे पाण्याने थंड होणारं इंजिन आलं, १९७७ मध्ये ८०० सीसीचं फोर-स्ट्रोक आलं, मग एसजे४१०, आणि डिसेंबर १९८५ मध्ये तीच लांब करून गुडगावातून जिप्सी म्हणून बाहेर पडली. चेसिस, पाटे, एकसंध ॲक्सल, सगळं त्या काटकसरीतून आलेलं. मला ही जात आवडते याचं कारण बहुधा तेच.

काटकसर पाट्यांवरही दिसते. चारी बाजूंना लीफ स्प्रिंग, त्यामुळे मागे आडव्या बाकांवर बसलेला माणूस जांबोटीपासून घरापर्यंत बोलत नाही. बायको एकदा बसली, आता पुढचं सीट तिचं ठरलं आहे आणि काजूची पोती मागे. हूड बाजारू, मी बेळगावातच शिवून घेतलेलं, डाव्या खिडकीच्या वर एका शिवणीतून पाणी येतं. त्याचं मी काही करणार नाही. तिथे कुणी बसत नाही.

हमरस्त्यावर मात्र ही गाडी नेऊ नका. ४८ नंबरवर संकेश्वरला जाताना साठच्या वर इंजिन ओरडायला लागतं, पॉवर स्टिअरिंग नाही, ट्रक शेजारून गेला की गाडी अर्धा हात सरकते. चोर्ला घाटात गोव्याकडून चढताना थर्डवर गाडी येते, घाई कुणाला असेल तर त्याने मागून हॉर्न वाजवत बसावं. पेट्रोल दहा-अकराचं देते, फोर लोमध्ये विचारू नका.

कागदांचं एक सांगतो, कारण घ्यायच्या आधी हे कुणी सांगत नाही. १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला ते १०,००० झालं, आणि ते दर पाच वर्षांनी. कोल्हापूरकडची एमएच पासिंगची स्वस्त दिसते म्हणून उडी मारू नका, ना हरकत पत्र आणि इथला रोड टॅक्स मिळवून ती स्वस्त राहत नाही. हिरवा लष्करी रंग द्यायचा मोह सगळ्यांना होतो, तो खासगी गाडीला कायद्याने चालत नाही. आणि ‘व्हिंटेज’ म्हणून चढा भाव सांगणाऱ्याला विचारा, नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची. पहिली जिप्सी त्यात डिसेंबर २०३५ ला बसेल.

नवी जिम्नी का नाही घेतली, असं मेव्हणा विचारतो. चालवून बघितली, कॉइल स्प्रिंग, १४६२ सीसी, एसी, सगळं छान. ट्रान्सफरचा लो दोनाला टेकलेला, माझा अडीच. पण खरं कारण किंमत. तेवढ्या पैशांत बागेला कुंपण, विहिरीचा गाळ आणि वर उरलेले.

घ्यायची असेल तर रंग-बिंग नंतर. आधी पुढच्या चाकांमागे हात घाला, ओलं लागलं तर वास घ्या. ब्रीदरमध्ये फुंका. हब दोन्ही बाजूंना फिरतात का बघा, गंजून बसलेला हब पाना लावून फिरवू नका, खुंटी तुटते. पुढची चाकं जॅकवर उचलून वरखाली धरून हलवा. मालकाने शेवटचा फोर बाय फोर कधी लावला हे गोड बोलून काढून घ्या. "कधीच नाही, अगदी जपून वापरली" असं उत्तर आलं तर किंमत पाडा.

सध्या माझ्या डोक्यात एकच खूळ आहे. निपाणीच्या एका भंगारवाल्याकडे किंगचा ट्रान्सफर केस पडला आहे. त्याचा हाय १.४०९ चा, लो २.२६८ चा. तो बसवला तर हमरस्त्यावर इंजिनाची बोंब कमी होईल, पेट्रोलही थोडं वाचेल. पण लो हातचा जाणार, आणि ४५ बीएचपीत तो ओहोळ चढायचा तर मला अडीचच हवा. मिस्त्री म्हणतात करू नका. भंगारवाला मात्र दर आठवड्याला फोन करून किंमत थोडी थोडी उतरवतो आहे, आणि मी अजून नाही म्हटलेलं नाही.